निवृत्त पाळकांची ऑनलाइन सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांतून (म्हणजे चर्चमधून) निवृत्त झालेल्या पाळकांसाठी (पास्टरांसाठी) आणि त्यांना मोबाइल शिकवणाऱ्या मुला-नातवंडांसाठी आहे. पाळकसाहेब पार्सोनेज (चर्चने पाळकाला दिलेलं घर) सोडून पुण्याला किंवा नगरला लेकाकडे राहायला येतात, पण फोन थांबत नाही. राहुरीची कोणी आजी प्रार्थना मागते, मिरजेचा तरुण नोकरीचं विचारतो, शारजाहून लेकराच्या आजारपणाचा निरोप येतो. ही हाक ऐकायची कशी आणि कुठे थांबायचं, याबद्दल आमच्याकडे सतत विचारले जाणारे प्रश्न खाली दिले आहेत.

निवृत्तीनंतर ऑनलाइन सेवा करायला कुणाची परवानगी लागते का?

घरून कुणासाठी प्रार्थना करायला किंवा शास्त्रावर मनन पाठवायला परवानगी लागत नाही. पण 'रेव्हरंड' म्हणून सार्वजनिक उपासना चालवायची असेल, तर आपल्या संप्रदायाचा नियम आधी पाहा. उत्तर भारतीय मंडळी (सी.एन.आय.) २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक मिशनमंडळ्या एकत्र येऊन झाली. तिथे निवृत्त पाळकानेही बिशपांच्या कानावर घालूनच पुढे जावं. मुक्तिफौजेत (सॅल्व्हेशन आर्मीत) अधिकारी निवृत्तीनंतरही अधिकारीच राहतो आणि शिस्तीला बांधलेला असतो. मेथडिस्ट, अलायन्स, नाझरीन या संप्रदायांची नियमावली वेगवेगळी आहे. स्वतंत्र मंडळी असेल तर तिथल्या वडिलांशी, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांशी, बोला.

बिशपांना किंवा अधीक्षकांना एक पानी पत्र द्या: काय करणार, कोणत्या दिवशी, कोणासाठी, पैसे घेणार की नाही. उत्तर लेखी मागून ठेवा. पुढे कुणी तक्रार केली तर हे पत्र कामी येतं.

हे खरं सेवाकार्य धरायचं का? समोरासमोर भेट नाही, हातात हात नाही.

धरायचं. पौलाने तुरुंगातून पत्रं लिहून मंडळ्या सांभाळल्या. मराठी ख्रिस्ती समाजात 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ पासून छापलं जाऊ लागलं, आणि जिथे पाळक महिन्यातून एकदाच पोहोचायचा त्या घरांतही ते वाचलं जायचं. दुरून केलेली सेवा आपल्याला नवी नाही.

तरी योहानाच्या दुसऱ्या पत्राचं १२वं वचन काढून पाहा. कागद-शाईपेक्षा भेटून बोलण्याची त्याची इच्छा तिथे स्पष्ट आहे. ऑनलाइन सेवेची मर्यादा आम्ही तिथूनच घेतो: जो चर्चला जाऊ शकतो त्याला चर्चकडे वळवायचं, आणि जो जाऊ शकत नाही त्याच्यापर्यंत आपण पोहोचायचं. अंथरुणाला खिळलेले, रात्रपाळीचे, परगावी एकटे राहणारे, आखातात असलेले, सुनेच्या घरी चर्चपासून तीस किलोमीटरवर राहणाऱ्या विधवा, ही तुमची मंडळी.

मग यूट्यूब चॅनल काढायचं की नाही?

बहुतेकांनी आधी काढू नये. निवृत्त पाळकाजवळ जे आहे ते इतर कुणाजवळ नसतं: तीन पिढ्यांची ओळख. कोणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कोणाचा मुलगा घर सोडून गेला, कोणाच्या नवऱ्याला दारू आहे, हे त्यांना ठाऊक असतं. यूट्यूबवर ही ओळख वाया जाते. तिथे तुम्ही हजार उपदेशकांतले एक. आठवड्याला दहा माणसांना नाव घेऊन फोन केला, तर ते दुसरं कुणीच करू शकणार नाही असं काम होतं.

आम्ही हा क्रम सुचवतो: पहिले तीन महिने फक्त फोन आणि व्हॉट्सॲप. मग आठवड्याला एक छोटी प्रार्थनासभा. लोकांनी स्वतःहून जुने संदेश मागायला सुरुवात केली, तरच साठवण म्हणून चॅनल.

सध्याच्या पाळकांना अडचण होऊ नये म्हणून काय पाळावं?

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

निवृत्तीच्या आठवड्यातच मंडळीच्या अधिकृत व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद नव्या पाळकांना द्या आणि ग्रुपमधून बाहेर पडा. मंडळीच्या नावाने केलेलं फेसबुक पान, ईमेल, चॅनल यांचे पासवर्ड पॅस्टरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) सचिवांकडे लेखी द्या. सभासदांची यादी स्वतःच्या नव्या ग्रुपमध्ये उचलून टाकू नका. ती यादी मंडळीची आहे. ज्याला तुमचे संदेश हवेत तो स्वतः सांगेल.

नव्या उपक्रमाला मंडळीचं नाव देऊ नका, चर्चचा फोटोही लावू नका. रविवारी सकाळी उपासनेच्या वेळेत काहीही प्रक्षेपित करू नका. बुधवारची संध्याकाळ किंवा रविवारी दुपारी चारनंतरची वेळ ठीक.

जुन्या सभासदाने नव्या पाळकांविरुद्ध तक्रार केली तर ऐकून घ्या, पण बाजू घेऊ नका, आणि त्या तक्रारीचा ध्वनिसंदेश कुणालाही पुढे पाठवू नका. एवढंच म्हणा, "तुम्ही त्यांच्याशी थेट बोला. मी दोघांसाठी प्रार्थना करतो." बाप्तिस्मा, लग्न, दफन यांसाठी कुणी परस्पर बोलावलं तर उत्तर एकच: आधी तुमच्या पाळकांना विचारा, त्यांनी मला बोलावलं तर येईन.

व्हॉट्सॲपवर ग्रुप, ब्रॉडकास्ट की चॅनल?

रोजच्या मननासाठी ब्रॉडकास्ट यादी उत्तम. एका यादीत २५६ जण बसतात, प्रत्येकाला निरोप खाजगीत जातो आणि उत्तरही फक्त तुम्हालाच येतं. अट अशी की समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असला पाहिजे. "पाळकसाहेब, मला येतच नाही" ही तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा कारण हेच असतं.

ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात, पण प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. तरुण मुली, विधवा, दुसऱ्या धर्मातून ऐकायला येणारे, यांच्यासाठी ते बरं नाही. ग्रुप करायचाच असेल तर निरोप पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनना ठेवा. नाहीतर आठवडाभरात तो सुप्रभातच्या चित्रांनी आणि निवडणुकीच्या व्हिडिओंनी भरतो. चॅनलमध्ये अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, पण तिथे लोकांना तुमच्याशी बोलताही येत नाही.

ध्वनिसंदेश किती मोठा असावा आणि कसा रेकॉर्ड करावा?

चार ते पाच मिनिटं. चर्चमधला पस्तीस मिनिटांचा उपदेश फोनवर कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही, आणि त्यात ऐकणाऱ्याच्या भक्तीचा दोष नाही. तो भाकरी भाजताना किंवा एसटीत उभ्याने ऐकत असतो. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे लिहून काढलं तर पाचशे ते सहाशे शब्द. आखणी साधी ठेवा: सलाम, चार-पाच वचनं, एकच मुद्दा, त्या दिवसासाठी एक कृती, अर्ध्या मिनिटाची प्रार्थना. पाच मिनिटांचा ध्वनिसंदेश एक-दीड एमबीच्या आत राहतो, त्यामुळे कमी नेटवर्कच्या गावातही उघडतो. तोच संदेश व्हिडिओ करून पाठवला तर कित्येक पट जड होतो.

रेकॉर्ड करताना माइकचं चिन्ह दाबून वर सरकवा. कुलूप लागतं आणि बोट धरून ठेवावं लागत नाही. फोन तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, एक वीत अंतरावर धरा. नाहीतर प, फ, भ, ब या अक्षरांना फुंकर ऐकू येते. पंखा बंद. पडदे, गाद्या असलेली खोली घ्या, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पाठवण्याआधी एकदा ऐका, विशेषतः सुरुवातीचे दोन सेकंद. बहुतेकांचा पहिला शब्द कापला जातो, कारण बटण दाबताक्षणी बोलायला सुरुवात होते.

ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन आहे त्यांचं काय?

त्यांना विसरू नका. बहुधा तेच सर्वांत एकटे असतात. साध्या कॉन्फरन्स कॉलमध्ये तुमच्याशिवाय पाचएक जण जोडता येतात. पहिल्याला फोन लावा, 'ॲड कॉल' दाबून दुसऱ्याला लावा, मग 'मर्ज'. असे चार-पाच वृद्ध मिळून दर गुरुवारी संध्याकाळी सहाला वीस मिनिटं एक स्तोत्र वाचतात आणि प्रार्थना करतात. यात इंटरनेट लागत नाही आणि ॲपही नाही. सगळ्यांनी एकदम गाऊ नये, आवाज मागेपुढे होतो. एकानेच गायचं, बाकीच्यांनी मनात.

प्रार्थनासभेसाठी झूम बरं की गूगल मीट?

दोन्ही चालतात, मोफत खात्यात १०० जण येतात. झूमची मोफत सभा ४० मिनिटांनी बंद होते, मीटची तीन किंवा अधिक जण असतील तर ६० मिनिटांनी. प्रार्थना अर्ध्यात तुटू नये म्हणून झूमवर ३५व्या मिनिटाला आशीर्वाद द्या.

लिंक फेसबुकवर टाकू नका. अनोळखी लोक शिरून घाणेरडी चित्रं दाखवतात, हे अनेक मंडळ्यांत झालं आहे. झूमचा प्रतीक्षाकक्ष चालू ठेवा, स्क्रीन दाखवण्याचा अधिकार फक्त स्वतःकडे ठेवा, आणि आत घेण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. पाळकाने डोळे मिटून प्रार्थना करताना दारावर कोणीतरी हवं.

व्हिडिओसाठी किमान काय सामान लागतं?

हातातला स्मार्टफोन, मोबाइल स्टँड, तारेचा कॉलर माइक आणि खिडकी. पैसे थोडेच असतील तर आधी माइक घ्या. चित्र अंधुक असलं तरी लोक सोसतात, आवाज फाटला की बंद करतात. माइक हनुवटीखाली एक वीत, शर्टाच्या पट्टीवर लावा. झब्ब्याच्या आत गेला की घासण्याचा आवाज येतो. माइकची पिन फोनला बसते का, हे दुकानातच लावून पाहा. पुष्कळ नव्या फोनना गोल पिनेचं छिद्र नसतं.

खिडकी तोंडासमोर असावी, पाठीमागे नको. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. मुद्दे २० पॉइंटच्या अक्षरात छापून कॅमेऱ्याच्या अगदी खाली चिकटवा, म्हणजे मान खाली जात नाही. चष्म्यावर उजेड चमकत असेल तर दिवा थोडा वर आणि बाजूला न्या.

लाइव्ह मध्येच बंद का पडतं?

कारणं ठरलेली आहेत. पहिलं, फोन येतो आणि प्रक्षेपण अडकतं. म्हणून विमान मोड लावून फक्त वायफाय चालू ठेवा. दुसरं, अपलोडचा वेग कमी पडतो. वेग मोजणाऱ्या ॲपमध्ये डाउनलोडचा मोठा आकडा पाहून समाधान मानू नका, अपलोडचा आकडा पाहा. ७२० पिक्सेलच्या चित्राला साधारण ४ एमबीपीएस लागतात, म्हणून हातात किमान ६ असावेत. या हिशोबाने तासाला सुमारे १.८ जीबी डेटा जातो. तिसरं, फोन तापतो. जाड कव्हर काढा, उन्हात ठेवू नका.

यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला फोन नंबर पडताळल्यानंतर २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. मोबाइलवरून करायचं तर किमान ५० सदस्य लागतात. नाताळच्या आदल्या रात्री हे कळून उपयोग नाही, दोन आठवडे आधी करून ठेवा.

आमचं मत विचाराल तर लाइव्हचा हट्टच नको. दुपारी शांतपणे रेकॉर्ड करा, संध्याकाळी ठरल्या वेळी प्रसिद्ध करा. ऐकणाऱ्याला फरक पडत नाही, आणि सत्तरीतल्या माणसावरचा ताण निम्मा होतो.

जुनी टिपणं व्हॉट्सॲपवर टाकली की अक्षरं विचित्र दिसतात. का?

ती श्री-लिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. हे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवतात. फॉन्ट नसलेल्या फोनवर मूळ रोमन अक्षरं आणि चिन्हं उघडी पडतात. उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. त्यासाठी मोफत साधनं मिळतात, पण साधन तुमच्या नेमक्या फॉन्टचं हवं. रूपांतरानंतर तीन जागा डोळ्यांखालून घाला: 'दुसऱ्या', 'तुमच्या' यांसारखी जोडाक्षरं, रफार, आणि अध्याय-वचनांचे आकडे. आकडा चुकला तर वाचणारा भलतंच वचन काढतो.

हस्तलिखित वह्या असतील तर प्रत्येक पानाचा दिवसा, खिडकीजवळ, सरळ वरून फोटो घ्या आणि फाइलला पुस्तक-अध्यायाचं नाव द्या. मराठी हस्ताक्षर यंत्राला नीट वाचता येत नाही. त्यापेक्षा वही समोर ठेवून बोलून टाइप करणं जलद होतं.

बोलून टाइप केलं तर नावं चुकतात.

चुकणारच. हबक्कूक, थेस्सलनीकाकर, नहेम्या ही नावं रोजच्या बोलण्यातली नाहीत. कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात बायबलमधल्या पुस्तकांची सगळी ६६ नावं एकदाच भरा, लघुरूपासह, म्हणजे 'थेस' लिहिलं की पूर्ण नाव सुचेल. विरामचिन्हं नंतर हाताने घाला.

कोणता शास्त्रपाठ आणि कोणती गीतं वापरता येतील?

उपासनेत वाचलं जाणारं बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं 'पवित्र शास्त्र' हे स्वामित्वहक्काखाली आहे. उपदेशात काही वचनं उद्धृत करून खाली सोसायटीचं नाव द्यायला हरकत नसते, पण अख्खी पुस्तकं वाचून चॅनलवर ठेवायची असतील तर लेखी परवानगी घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, त्यामुळे त्यांचं भाषांतर खुलं आहे. रेव्ह. ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे अभंग आणि भजनंही खुली आहेत.

पण शब्द खुले म्हणजे रेकॉर्डिंग खुलं नव्हे. टिळकांचं भजन कुणी कॅसेट कंपनीसाठी गायलं असेल, तर ते रेकॉर्डिंग वाजवू नका. तुम्ही किंवा पाळकीणबाईंनी पेटीवर स्वतः गायलेलं चालतं. तरीही यूट्यूबचं यंत्र कधी कधी दावा ठोकतं. तो 'क्लेम' असेल तर घाबरू नका, स्वतः गायल्याचं लिहून आक्षेप नोंदवा. 'स्ट्राइक' मात्र गंभीर. ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल जाऊ शकतं.

प्रभुभोजन, बाप्तिस्मा, लग्न ऑनलाइन करता येतं का?

लग्न नाही. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ नुसार अधिकार असलेल्या व्यक्तीने, दोन साक्षीदारांसमक्ष, सामान्यतः सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत विवाह लावायचा असतो, आणि नोंदवहीत सह्या करायच्या असतात. व्हिडिओवर शपथा घेऊन हे पूर्ण होत नाही. निवृत्तीनंतर प्रत्यक्ष लग्न लावतानाही आपला परवाना किंवा अधिकार चालू आहे का, ते आधी तपासा. तो नसेल तर त्रास त्या जोडप्याला होतो, पासपोर्टच्या रांगेत. गोव्यात हा कायदा लागू नाही, तिथे नोंदणी नागरी निबंधकाकडे होते.

बाप्तिस्म्याला पाणी आणि माणूस एका जागी लागतात. प्रभुभोजनाबद्दल २०२० च्या टाळेबंदीत मंडळ्यांनी वेगवेगळे निर्णय घेतले. तुमच्या संप्रदायाचा निर्णय तुम्ही एकट्याने बदलू नका. घरी अडकलेल्यासाठी अधिक चांगली वाट आहे: सध्याच्या पाळकांना फोन करून सांगा की अमुक आजींना तीन महिने प्रभुभोजन मिळालेलं नाही. वसईकडचे कॅथलिक वाचक विचारतात म्हणून सांगतो, व्हॅटिकनने २००२ मध्येच स्पष्ट केलं आहे की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. फोनवर पापनिवेदनही नाही.

आजाऱ्यासाठी याकोबाच्या पत्रातल्या ५:१४ प्रमाणे वडील लोकांनी जाऊन तेल लावायचं असतं. तुम्ही फोनवर प्रार्थना करा आणि जाणारा माणूस शोधून द्या.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी दफनविधी दाखवायचा आहे.

घरच्यांपैकी एका जबाबदार व्यक्तीची परवानगी आणि विधी चालवणाऱ्या पाळकांची संमती, दोन्ही हव्यात. खाजगी लिंक करा. कॅमेरा एका जागी ठेवा, पाळकांच्या डाव्या किंवा उजव्या हाताला. शवपेटी उघडी असताना जवळून चित्रण नको, रडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर तर नकोच. कबरस्तानात नेटवर्क आहे का ते सकाळी जाऊन पाहा. नसेल तर रेकॉर्ड करून त्याच संध्याकाळी पाठवा. परदेशातल्या मुलाला दोन मिनिटं बोलायचं असेल तर त्याचा आवाज आधीच मागवून ठेवा. ऐन वेळी कॉल लागत नाही आणि तो सल त्याला जन्मभर राहतो.

आखातातल्या मराठी लोकांसाठी वेळ कोणती?

भारतात संध्याकाळी ७.३० म्हणजे दुबईत ६, कुवेत आणि सौदीत ५. कुवेत-सौदीत सुटी शुक्रवार-शनिवारची असते. दुबईत २०२२ पासून शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस. अमिरातींत व्हॉट्सॲपवरून कॉल साधारणपणे लागत नाहीत, ध्वनिसंदेश मात्र पोहोचतात. म्हणून आधी रेकॉर्ड केलेलं मनन तिथे जास्त उपयोगी.

सौदीत ख्रिस्ती उपासना सार्वजनिकरीत्या करायला मनाई आहे. तिथल्या लोकांची नावं, फोटो, कंपनी, गाव यांचा उल्लेख रेकॉर्डिंगमध्ये कधीही करू नका, आणि त्यांना मोठ्या ग्रुपमध्ये न विचारता घालू नका.

प्रार्थनाविनंत्या सगळ्यांसमोर वाचाव्यात का?

त्या व्यक्तीने स्पष्ट "हो" म्हटल्याशिवाय नाही. "सुनंदाताईंच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करा" असा निरोप एका तासात सासरी पोहोचतो. "आपल्या एका भगिनीच्या शस्त्रक्रियेसाठी" एवढं पुरतं, देवाला नाव ठाऊक आहे. विनंत्यांची वही कागदाची ठेवा: तारीख, नाव, विषय, पुढचा फोन कधी. तो शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. महिनाभराने "ऑपरेशन कसं झालं?" असा फोन गेला की माणसाला कळतं, आपल्यासाठी खरंच प्रार्थना झाली.

रात्री कुणी "जगावंसं वाटत नाही" असं लिहिलं तर?

वचन पाठवून झोपू नका. लगेच फोन करा आणि सरळ विचारा: जीव द्यायचा विचार आहे का, जवळ काही औषध, दोरी आहे का, घरात कोण आहे. असं विचारल्याने विचार बळावत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरातल्या माणसाला उठवा. धोका समोर असेल तर ११२. मानसिक आधारासाठी सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. नवऱ्याच्या मारहाणीसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 'पाळकाकडे बोललेलं गुप्त' हे कारण चालत नाही. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आरोपी मंडळीतला वडील असला तरी. आणि अल्पवयीन मुला-मुलींशी खाजगीत चॅट करू नका. पालक किंवा शब्बाथशाळेच्या बाई त्या संभाषणात असू द्या.

आजार बरा झाल्याच्या साक्षी टाकाव्यात का?

देवाचे आभार जरूर माना, पण "प्रार्थनेने कॅन्सर गेला, तुम्हीही या" असा व्हिडिओ टाकू नका. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, आणि चमत्कारिक उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा केंद्राचा कायदा १९५४ चा. कायद्याहून मोठी भीती वेगळी आहे: कुणीतरी ऐकून इन्सुलिन सोडतं. प्रत्येक आजाऱ्याला प्रार्थनेनंतर एकच वाक्य न चुकता सांगा, "गोळ्या चालू ठेवा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नका."

दुसऱ्या धर्मांविषयी बोलताना आणि वाईट प्रतिक्रिया आल्यावर काय करावं?

आपल्या प्रभूविषयी बोला, दुसऱ्याच्या देवांविषयी नको. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ आणि २९९ तेढ वाढवणाऱ्या आणि धर्मभावना दुखावणाऱ्या मजकुराबद्दल आहेत. चर्चमध्ये चाळीस जणांसमोर सहज बोललेलं वाक्य तीस सेकंदांत कापून गावभर फिरू शकतं. पैसे, नोकरी, शिक्षण, लग्न यांचं आश्वासन देवाच्या नावाने कधीच देऊ नका. शिव्यांना उत्तर देऊ नका. स्क्रीनशॉट ठेवा, प्रतिक्रिया लपवा. धमकी असेल तर पोलिसांत द्या.

लोक पैसे पाठवू इच्छितात. घ्यावेत का?

शक्यतो "तुमच्या मंडळीच्या अर्पणात टाका" असं सांगा. घेतलेच तर पेन्शनच्या खात्यात मिसळू नका. वेगळं खातं आणि वही ठेवा. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची बेरीज ५०,००० रुपयांपुढे गेली तर संपूर्ण रक्कम करपात्र होते. सेवेबद्दल नियमित मिळत असेल तर ते उत्पन्नही धरलं जाऊ शकतं, म्हणून सी.ए.ला विचारा.

परदेशी पैशाबाबत जास्त सावध राहा. धार्मिक कामासाठी परदेशी नागरिकाकडून रक्कम घ्यायला एफ.सी.आर.ए. या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, व्यक्तीलाही. नोंदणीकृत संस्थांची अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पण त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते, मग तो तुमच्याच हातून बाप्तिस्मा घेतलेला असला तरी. म्हणून यूपीआयचा क्यूआर कोड व्हिडिओवर चिकटवून ठेवू नका.

कुणीतरी माझ्या नावाने पैसे मागतंय.

हा प्रकार फार वाढला आहे. पाळकांचा फोटो लावून नव्या नंबरवरून "मी हॉस्पिटलमध्ये आहे, १५,००० पाठवा" असे निरोप जातात. ताबडतोब आवाजी निरोप पाठवा, लोक तुमचा आवाज ओळखतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करायला सांगा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये द्विस्तरीय पडताळणीचा सहा आकडी पिन आजच लावा. जन्मतारीख किंवा पाळक म्हणून दीक्षा झाल्याची तारीख हा पिन नको. आणि दर तीन महिन्यांनी सगळ्यांना कळवा: "मी निरोपावर पैसे कधीच मागत नाही."

रोज किती वेळ द्यावा?

सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. रात्री नऊनंतर फोन पाळकीणबाईंकडे किंवा मुलाकडे, आणि फक्त तातडीचं असेल तरच हातात. चाळीस वर्षं घरच्यांनी तुम्हाला मंडळीसोबत वाटून घेतलं आहे. आठवड्यात एक दिवस पूर्ण बंद ठेवा आणि तो आधी जाहीर करा. घसा बसत असेल तर रोजचा संदेश तीन दिवसांवर आणा. ऐकणारे समजून घेतात.

पाळकसाहेब आजारी पडले किंवा प्रभूकडे गेले तर या सगळ्याचं काय?

हे आधीच ठरवा. प्रत्येक ग्रुपला दुसरा ॲडमिन असू द्या. यूट्यूब चॅनलवर घरातला एक माणूस व्यवस्थापक म्हणून जोडा. गूगल खात्यात 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' ही सोय आहे. ३ ते १८ महिने खातं न वापरल्यास कोणाला काय मिळावं हे तिथे लिहून ठेवता येतं. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं, त्यासोबत त्यात साठवलेली मननंही जाऊ शकतात. म्हणून वर्षातून एकदा सगळं पेनड्राइव्हवर उतरवा. एक प्रत घरी, एक मंडळीच्या कपाटात.

विनंत्यांची वही मात्र मंडळीला देऊ नका. ती कोणी उघडायची आणि कधी जाळायची, हे घरच्यांना लिहून द्या.